मधली रेघ आधी वाचा: सोव्हिएत संघ गेल्यानंतरची कम्युनिस्ट आघाडी कशी समजून घ्यावी

रशियनमधून भाषांतरं करायला लागले तेव्हा माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत सोव्हिएत संघ गेल्यानंतर उभ्या राहिलेल्या एका कम्युनिस्ट संघटनेचं नाव पुन्हा पुन्हा दिसायचं: एसकेपी–केपीएसएस. सुरुवातीला मी ते तसंच उतरवून पुढे जायची. एकदा संपादकांनी विचारलं, "हा पक्ष आहे की आघाडी?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नापायी मी या विषयात शिरले आणि आजही तो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. मी कुठल्याही पक्षाची सभासद नाही. पण ज्यांचं राज्य, पक्ष, कचेऱ्या, वर्तमानपत्रं सगळं चार महिन्यांत गेलं, त्या लोकांनी पंधरा देशांत विखुरल्यावर एकमेकांचा हात कसा धरून ठेवला, हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. या विषयावर आपल्याकडे बरंचसं लिखाण एक तर भक्तिभावाने होतं, नाही तर हेटाळणीने. दोन्हींतून हाती काही लागत नाही. म्हणून मी ज्या पद्धतीने हे वाचते ती इथे सविस्तर मांडते. एक वही, तारखांसाठी थोडी चिकाटी आणि मिळाला तर एक रशियन शब्दकोश, एवढं पुरेल.

पहिलं काम: नाव पूर्ण लिहून काढा

लघुरूपावर समाधान मानू नका. पूर्ण नाव असं: सयूज कम्युनिस्तीचेस्किख पार्तिय – कम्युनिस्तीचेस्काया पार्तिया सोव्हेत्स्कोवो सयूझा. मराठीत, कम्युनिस्ट पक्षांची आघाडी – सोव्हिएत संघाचा कम्युनिस्ट पक्ष. आता मधल्या रेघेकडे पाहा. रेघेच्या डावीकडे अनेकवचन आहे, म्हणजे बरेच पक्ष एकत्र आलेत आणि प्रत्येकाचं घर वेगळं आहे. उजवीकडे एकवचन आहे, एक पक्ष, आणि तोही अशा देशाचा जो नकाशावर उरलेला नाही. स्थापना २६ आणि २७ मार्च १९९३ ला मॉस्कोत झाली. तेव्हा सोव्हिएत संघ जाऊन पंधरा महिने झाले होते. एकत्र आलेल्यांत दोन प्रकारची माणसं होती. आता आपण स्वतंत्र देशांतले स्वतंत्र पक्ष आहोत, भाऊ म्हणून एकत्र बसू, असं काहींना वाटत होतं. आपण एकच पक्ष आहोत, परिस्थितीने तात्पुरतं वेगळं राहावं लागतंय, असं इतरांना वाटत होतं. दोघांनाही उठून जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून नावात रेघ आली. पुढच्या आठ वर्षांत या आघाडीत जे काही बिनसलं, ते बहुतेक त्या रेघेवरच बिनसलं.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. 'सयूज' हा शब्द या नावात दोनदा येतो. एकदा 'आघाडी' म्हणून, एकदा 'सोव्हिएत संघ' मधला 'संघ' म्हणून. रशियन वाचकाला दोन्ही ठिकाणी एकच शब्द ऐकू येतो, म्हणून पक्षांचा सयूज उभा राहिला की देशांचा सयूजही उभा राहील हा सूर त्याला आपोआप लागतो. मराठीत आपण 'आघाडी' आणि 'संघ' असे वेगळे शब्द घेतो आणि तो सूर तुटतो. उपाय नाही. पण वाचताना मनात ठेवा, कारण जाहीरनाम्यांतली बरीच वाक्यं या दुहेरी अर्थावर उभी असतात.

दुसरं काम: बंदीचा पंचनामा

आघाडीच्या ठरावांकडे लगेच जाऊ नका. आधी वहीत एक पान बंदीच्या तारखांना द्या. ऑगस्ट १९९१ ते मार्च १९९३ हा काळ एका पानात बसतो, आणि तो नीट बसवला नाही तर पुढचं सगळं तिरकं दिसतं.

१९ ऑगस्ट १९९१ ला गोर्बाचेव्ह यांच्या विरोधात गेलेल्या बड्या सोव्हिएत नेत्यांच्या आणीबाणी समितीचा सत्ता हाती घेण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि २१ तारखेला कोसळला. २३ ऑगस्टला रशियन प्रजासत्ताकाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचं काम स्थगित करणाऱ्या हुकुमावर सही केली, सभागृहात, सोव्हिएत राष्ट्राध्यक्ष आणि पक्षाचे सरचिटणीस गोर्बाचेव्ह समोर असताना. दुसऱ्या दिवशी गोर्बाचेव्ह यांनी सरचिटणीसपद सोडलं आणि केंद्रीय कमिटीने स्वतःला विसर्जित करावं असं सांगितलं. २९ ऑगस्टला सोव्हिएत संसदेने पूर्ण देशात पक्षाचं काम थांबवलं. ६ नोव्हेंबरला, म्हणजे १९१७ च्या क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, रशियात बंदीचा हुकूम निघाला. स्थगिती वेगळी आणि बंदी वेगळी. अनेक लेखांत या दोन्ही तारखा एकच करून टाकलेल्या असतात. त्या लेखावर तिथेच पेन्सिलने खूण करा, कारण ज्याने इथे घाई केली त्याने पुढेही केलेली असते.

त्यानंतरची तारीख मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ३० नोव्हेंबर १९९२. त्या दिवशी वालेरी झोर्किन अध्यक्ष असलेल्या रशियाच्या घटना न्यायालयाने निकाल दिला. पक्षाची मध्यवर्ती यंत्रणा विसर्जित करणं घटनेला धरून होतं, पण राहत्या भागांतल्या प्राथमिक शाखा विसर्जित करणं घटनेला धरून नव्हतं. म्हणजे न्यायालयाने डोकं परत दिलं नाही, पायांना मात्र चालायची मुभा दिली. यावर दोन महिन्यांत हालचाल झाली. १३ आणि १४ फेब्रुवारी १९९३ ला मॉस्कोजवळ रशियन महासंघाच्या कम्युनिस्ट पक्षाचं अधिवेशन भरलं आणि गेन्नादी झ्युगानोव प्रमुख झाले. आघाडीची स्थापना त्यानंतर सहा आठवड्यांनी झाली.

हा क्रम वहीत लाल पेनाने लिहा. आधी रशियातला पक्ष, मग सगळ्यांची आघाडी. जुन्या काळात उलटं होतं. मॉस्कोतली केंद्रीय कमिटी आधी आणि प्रजासत्ताकांतले पक्ष तिच्या शाखा. रशियाला तर स्वतःचा वेगळा पक्ष जून १९९० पर्यंत नव्हताच. १९९३ मध्ये जेव्हा ओलेग शेनिन आघाडीच्या प्रमुखपदी बसले, तेव्हा त्यांच्याकडे जुन्या पक्षाचं नाव होतं, पण सभासद, शाखा आणि निवडणूक लढवायची नोंदणी झ्युगानोव यांच्याकडे होती. केंद्र सभासद-पक्षापेक्षा दुबळं. ज्या आघाडीत असं असतं तिथे पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो.

शेनिन यांच्याबद्दल दोन वाक्यं. ते पॉलिट ब्युरोत, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च मंडळात होते, ऑगस्टच्या प्रकरणात त्यांना अटक झाली, आणि आघाडीचे प्रमुख झाले तेव्हा त्यांच्यावरचा खटला चालूच होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये दुमाने, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, माफी दिली. ज्या माणसाने पक्षासाठी तुरुंग पाहिला त्याला रेघेची डावी बाजू कधीच पुरेशी वाटणार नव्हती, हे मला त्यांचे लेख वाचताना सतत जाणवत राहिलं.

तिसरं काम: प्रत्येक पक्षाच्या घरात डोकावा

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा गाभा हाच आहे, म्हणून इथे वेळ घालवा. आघाडी काय बोलते हे तिच्या विचारसरणीवरून ठरतं असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. आघाडीतला पक्ष काय बोलतो, काय टाळतो आणि केव्हा गप्प बसतो, हे त्याच्या घरच्या स्थितीवरून ठरतं. घरी तो सत्तेत आहे, विरोधात आहे, की बंदीखाली आहे? वहीत प्रत्येक देशाला एक पान द्या आणि वर हा एकच प्रश्न लिहा.

युक्रेनपासून सुरुवात करा, कारण एका पक्षाच्या वाट्याला जे जे येऊ शकतं ते सगळं त्या पानावर सापडतं. ३० ऑगस्ट १९९१ ला तिथे बंदी आली. जून १९९३ मध्ये दोनेत्स्कमध्ये पक्ष पुन्हा उभा राहिला, पेत्रो सिमोनेन्को यांच्या नेतृत्वाखाली. १९९८ च्या संसदीय निवडणुकीत त्याला सुमारे २४.६ टक्के मतं पडली आणि तो पहिल्या क्रमांकावर आला. १९९९ मध्ये सिमोनेन्को अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले आणि जवळपास ३८ टक्के मतं घेऊन हरले. डिसेंबर २००१ मध्ये युक्रेनच्या घटना न्यायालयाने १९९१ ची बंदी घटनाबाह्य ठरवली. मग ओहोटी लागली. २०१४ च्या निवडणुकीत ३.८८ टक्के, संसदेत एकही जागा नाही. २०१५ मध्ये कम्युनिस्ट चिन्हांविरुद्धचे कायदे आले, १६ डिसेंबर २०१५ ला कीव्हच्या न्यायालयाने पक्षाचं काम बंद करायचा आदेश दिला, आणि जुलै २०२२ मध्ये अपिलाचा निकालही विरोधात गेला. आता या पानाशेजारी आघाडीची कुठल्याही वर्षाची घोषणा ठेवा. १९९८ मध्ये सही करणारा युक्रेनियन पक्ष आणि २०१६ मध्ये सही करणारा युक्रेनियन पक्ष, नाव तेच, पण एक संसदेतला सगळ्यांत मोठा गट आणि दुसऱ्याला कचेरीच्या दारावर पाटी लावायची सोय नाही. एका सहीमागे दोन निराळे आवाज आहेत.

मोल्दोव्हाचं पान नेमकं उलटं. व्लादिमिर वोरोनिन यांच्या पक्षाने फेब्रुवारी २००१ मध्ये १०१ पैकी ७१ जागा जिंकल्या आणि एप्रिलमध्ये संसदेने त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं. सोव्हिएत संघातून निघालेल्या एका देशात कम्युनिस्ट पक्ष खुल्या निवडणुकीने सत्तेवर आला. आघाडीच्या बैठकांत याचा आनंद झाला, आणि तो खरा होता. पण सत्तेतल्या पक्षाला देश चालवावा लागतो. नोव्हेंबर २००३ मध्ये ट्रान्सनिस्त्रिया या मोल्दोव्हातून फुटून निघालेल्या पट्ट्याच्या प्रश्नावर मॉस्कोने पुढे केलेला तोडग्याचा मसुदा वोरोनिन यांनी शेवटच्या क्षणी नाकारला. तो नाकारताना ते एका देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. रेघेची उजवी बाजू, एक पक्ष, एक केंद्र, या प्रसंगी कुठेच बसत नाही. मी अभ्यासमंडळात हे उदाहरण नेहमी देते, कारण 'आंतरराष्ट्रीयतावाद' हा शब्द ठरावात लिहिणं आणि सरकारी फायलीवर सही करताना पाळणं यांतलं अंतर इथे स्वच्छ दिसतं.

बेलारूसच्या पानावर दोन पक्ष येतील, गोंधळू नका. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को यांच्या बाजूने जायचं की विरोधात, यावर कम्युनिस्ट दुभंगले. बाजूने गेलेल्यांनी बेलारूसचा कम्युनिस्ट पक्ष उभा केला. विरोधात राहिलेल्यांच्या पक्षाचं नाव बेलारूसच्या कम्युनिस्टांचा पक्ष. नावांत फरक एवढाच. या दुसऱ्या पक्षाने २००९ मध्ये नाव बदलून 'न्याय्य जग' असं केलं. कागदावर फक्त 'बेलारूसचे कम्युनिस्ट' असं दिसलं तर तारीख आणि सही करणाऱ्याचं नाव पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. कझाकस्तानातही २००४ मध्ये फूट पडली, आणि मूळ पक्ष २०१५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाला.

बाल्टिक देशांचं पान छोटं आणि जड आहे. लिथुआनियात पक्ष देशाआधीच फुटला होता. डिसेंबर १९८९ मध्ये ब्राझाउस्कास यांच्या नेतृत्वाखालचा मोठा भाग मॉस्कोपासून वेगळा झाला. मॉस्कोबरोबर राहिलेल्या भागाचे नेते बुरोकेव्हिचियुस १९९४ पासून २००६ पर्यंत तुरुंगात होते. लाटव्हियाच्या पक्षाचे नेते रुबिक्स १९९७ पर्यंत तुरुंगात होते, आणि २००९ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून आले. एकाच आघाडीच्या बैठकीत एका खुर्चीवर सत्ताधारी, दुसरीवर विरोधी पक्षनेता आणि तिसरी खुर्ची तुरुंगातल्या माणसाची. या तिघांकडून एकाच वाक्यावर सही घ्यायची तर ते वाक्य किती सपाट होईल याची कल्पना करा. जाहीरनामे कंटाळवाणे का असतात, असं मला विद्यार्थी विचारतात. ते याच्यामुळे.

चौथं काम: आकडा दिसला की त्याची जोडी शोधा

या आघाडीच्या लिखाणात एक आकडा हमखास येतो: ७६.४ टक्के. १७ मार्च १९९१ च्या सार्वमतात इतक्या मतदारांनी सुधारित रूपातला संघ टिकवायच्या बाजूने मत दिलं. आकडा खरा आहे आणि तो उडवून लावणं चूक आहे. कोट्यवधी साध्या माणसांनी ते मत दिलं होतं. देश मोडताना त्यांना कोणी विचारलं नाही ही त्यांची खंत खरी आहे. पण त्याच्या शेजारी दोन ओळी लिहा. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, जॉर्जिया, आर्मेनिया आणि मोल्दोव्हा या सहा प्रजासत्ताकांनी ते सार्वमत घेतलंच नाही. आणि १ डिसेंबर १९९१ ला युक्रेनमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. मार्चमध्ये संघाला 'हो' म्हणणारे आणि डिसेंबरमध्ये स्वातंत्र्याला 'हो' म्हणणारे युक्रेनमध्ये बऱ्याच प्रमाणात तेच लोक होते. मधल्या नऊ महिन्यांत काय घडलं ते तुमच्या बंदीच्या पानावर आहे.

हा आकडा सभेत टाळ्या घेण्यापुरताच राहिला असं मात्र नाही. डिसेंबर १९९५ च्या निवडणुकीत झ्युगानोव यांच्या पक्षाला २२.३ टक्के मतं आणि ४५० पैकी १५७ जागा मिळाल्या. १५ मार्च १९९६ ला दुमाने ठराव करून १९९१ मधला संघ मोडण्याचा निर्णय अमान्य केला. तारीख पाहा, सार्वमताच्या पाचव्या वर्धापनदिनाला दोन दिवस बाकी होते आणि रशियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तीन महिन्यांवर होती. रशियातल्या पक्षाला या ठरावाचा घरी फायदा होता. शेजारच्या देशांतल्या सरकारांनी त्याकडे आपल्या स्वातंत्र्यावरचा घाला म्हणून पाहिलं, आणि तिथल्या कम्युनिस्टांना त्याचं उत्तर आपापल्या मतदारांपुढे द्यावं लागलं. आघाडीच्या एका सभासदाची कमाई दुसऱ्याचं ओझं होऊ शकते, हे मी या ठरावावरून शिकले.

पाचवं काम: काँग्रेसचा क्रमांक आणि अध्यक्षाचं नाव, दोन्ही लिहा

काँग्रेस म्हणजे इथे पक्षाचं महाअधिवेशन. सोव्हिएत पक्षाची शेवटची, २८ वी काँग्रेस जुलै १९९० मध्ये झाली. मार्च १९९३ च्या अधिवेशनाने स्वतःला २९ वी म्हटलं. मोजणी खंडित होऊ दिली नाही. बंदी, न्यायालय, देशाचा शेवट, हे सगळं मध्ये होऊन गेलं तरी पुढचा आकडा मागच्याला चिकटून आला. याला मी हट्ट म्हणत नाही, वारसा सांगायची ती त्यांची रीत होती. पण अभ्यास करणाऱ्याला यात खड्डा आहे, आणि मी त्यात पडले.

डिसेंबर १९९९ मध्ये रशिया आणि बेलारूस यांनी संघराज्याचा करार केला. शेनिन यांना वाटलं, वेळ आली. दोन देशांचं राज्य एक होतंय तर पक्षही एक करू. २००० मध्ये त्यांनी रशिया आणि बेलारूसच्या संघाचा एकच कम्युनिस्ट पक्ष उभारला. झ्युगानोव यांच्या दृष्टीने हे आपल्याच पक्षाला पोखरणं होतं. जानेवारी २००१ मध्ये आघाडीच्या परिषदेने शेनिन यांना हटवून झ्युगानोव यांना अध्यक्ष निवडलं. शेनिन यांनी ते मानलं नाही आणि आपल्या मागे आलेल्यांना घेऊन त्याच नावाने काम चालू ठेवलं. रेघेच्या दोन बाजू आता दोन संघटना झाल्या होत्या.

त्या काळातले काही कागद माझ्याकडे भाषांतरासाठी आले. वर तेच नाव, तोच विळा-हातोडा, तीच भाषा. मी ते सगळे तारखेप्रमाणे एकाच फायलीत लावले आणि आठवडाभर डोकं धरून बसले, कारण एका महिन्यात आघाडी झ्युगानोव यांच्या पक्षाला कणा म्हणत होती आणि पुढच्या महिन्यात त्याच पक्षाला संधिसाधू. मला वाटलं, आघाडी स्वतःलाच खोडून काढतेय. मग एका रात्री सगळ्या कागदांच्या शेवटच्या पानांवरच्या सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन फायली पडल्या. तेव्हापासून माझा नियम आहे, शेवटचं पान आधी. सही कोणाची, पद काय लिहिलंय, कुठल्या शहरात. मजकूर त्यानंतर. २००१ नंतरच्या कागदासाठी तरी हा नियम मोडू नका.

एक गोष्ट मला या वादात मनापासून पटते ती सांगते, तुम्ही सहमत नसलात तरी चालेल. शेनिन यांची निष्ठा निर्विवाद होती, पण झ्युगानोव यांचा हिशेब वास्तवाला धरून होता. वेगवेगळ्या कायद्यांखाली, वेगवेगळ्या संसदांत काम करणाऱ्या पक्षांना एका हुकमाखाली आणलं असतं तर पहिल्या मोठ्या प्रश्नावर निम्मे बाहेर पडले असते. शिवाय परदेशातून चालवला जाणारा पक्ष म्हणून त्यांच्यावर घरी बंदी घालणं सरकारांना सोपं झालं असतं.

सहावं काम: जगभरच्या बैठकांशी गल्लत करू नका

ही आघाडी जुन्या सोव्हिएत प्रदेशापुरती. जगभरातल्या कम्युनिस्ट आणि कामगार पक्षांच्या आंतरराष्ट्रीय बैठका ही वेगळी गोष्ट. त्या १९९८ मध्ये अथेन्समध्ये ग्रीसच्या कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाकाराने सुरू झाल्या. त्याआधी चाचपडत पावलं पडली होती: एप्रिल १९९२ मध्ये प्याँगयाँगची घोषणा, मे १९९३ मध्ये कोलकात्यातलं चर्चासत्र. अथेन्सनंतर बैठका फिरत्या झाल्या. २००७ मध्ये मिन्स्क आणि मॉस्को, २००९ मध्ये नवी दिल्लीत भाकप आणि माकप दोघे मिळून यजमान, २०१७ मध्ये क्रांतीच्या शताब्दीला सेंट पीटर्सबर्ग.

यांची तुलना १९१९ मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या कॉमिन्टर्नशी, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या जुन्या संघटनेशी, करायचा मोह होतो. तो आवरा. कॉमिन्टर्नमध्ये शिरायला १९२० मध्ये २१ अटी घालून दिल्या होत्या, तिचा निर्णय सभासद-पक्षाला बांधून ठेवायचा, आणि ती १९४३ मध्ये विसर्जित झाली. अथेन्सपासूनच्या बैठकांना बांधून ठेवायचा असा अधिकार नाही, कोणी सरचिटणीस नाही, ठराव न पटणाऱ्याला हाकलायची सोय नाही. म्हणून इथे संयुक्त निवेदनावर कोणी सही केली यापेक्षा कोणी केली नाही हे पाहा. न आलेल्या सह्यांची यादी हाताने करावी लागते. हजर पक्षांची यादी घ्या, सही केलेल्यांची घ्या, वजाबाकी करा. तासभर लागतो, पण दहा पानी निवेदनापेक्षा त्या वजाबाकीतून जास्त कळतं.

२०२२ मध्ये हे काम फार मोलाचं ठरलं. १९ जानेवारीला झ्युगानोव यांच्या पक्षाच्या खासदारांनी पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या फुटीर भागांना मान्यता द्यावी असं आवाहन राष्ट्राध्यक्षांना करणारा मसुदा दुमात मांडला आणि १५ फेब्रुवारीला तो मंजूर झाला. २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. लगेच ग्रीस, स्पेन, मेक्सिको आणि तुर्कस्तानातल्या चार कम्युनिस्ट पक्षांनी याला साम्राज्यवादी युद्ध म्हणत विरोधाचं संयुक्त निवेदन काढलं. युरोपातल्या पक्षांचं २०१३ मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झालेलं एक व्यासपीठ सप्टेंबर २०२३ मध्ये या मतभेदांवरूनच बंद पडलं. अनेकांना याचा धक्का बसला. तुमच्या वहीत देशांची पानं भरलेली असतील तर बसणार नाही. रशियातला पक्ष तीस वर्षं स्वतःच्या संसदेत, स्वतःच्या मतदारांत आणि सोव्हिएत संघ मोडल्याच्या जखमेभोवती वाढलेला. ग्रीसचा पक्ष नाटोत असलेल्या देशात राहून दोन्ही बाजूंच्या भांडवलाला विरोध करण्यात वाढलेला. दोघेही १९९८ पासून एकाच टेबलावर बसत होते आणि एकाच शब्दांखाली सह्या करत होते. युद्ध आलं तेव्हा प्रत्येकजण आपल्या घरातून बोलला. युक्रेनचा पक्ष, ज्याच्या मातीवर हे घडत होतं, त्याला घरी बोलायला जागाच नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात ती रिकामी जागा सगळ्यांत जास्त टोचते, आणि कुठल्याच निवेदनात तिच्यावर पुरेसं लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

आठवणी कशा वाचायच्या

तारखा आणि सह्या झाल्या की मग माणसांकडे वळा. शेनिन २००९ मध्ये गेले. पहिल्या वर्षांत आघाडीच्या नेतृत्वात असलेले येगोर लिगाचेव्ह मे २०२१ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. नीना आंद्रेयेवा, ज्यांनी नोव्हेंबर १९९१ मध्येच आपला वेगळा बोल्शेविक पक्ष काढला आणि या आघाडीबाहेर राहिल्या, त्या २०२० मध्ये गेल्या. १९९३ च्या सभागृहात प्रौढ वयात बसलेली माणसं वेगाने कमी होताहेत. त्यांनी लिहिलेल्या आठवणी, दिलेल्या मुलाखती मिळतील तेवढ्या वाचा, पण एक सवय लावून घ्या. आठवण कधी लिहिली ते वर्ष वर टिपून ठेवा. फेब्रुवारी १९९३ बद्दल १९९४ मध्ये लिहिणारा माणूस आणि त्याच महिन्याबद्दल २००२ मध्ये, फूट पडल्यानंतर, लिहिणारा तोच माणूस वेगळं सांगतो. खोटं कोणतंच नसतं. पण दुसऱ्या आठवणीत, कोण कोणाशेजारी बसलं होतं हे बदललेलं असतं.

आणि शब्दांवर लक्ष ठेवा. रशियनमध्ये 'व्होस्तानोव्लेनिये' म्हणजे होतं ते पूर्ववत करणं, आणि 'व्होस्सोझ्दानिये' म्हणजे नव्याने घडवणं. मराठीत दोन्हींना आपण सर्रास 'पुनर्स्थापना' म्हणून मोकळे होतो. पहिला शब्द वापरणारा बहुधा रेघेच्या उजवीकडे उभा असतो, दुसरा डावीकडे. मी माझ्या भाषांतरांत आता पहिल्यासाठी 'पूर्ववत' आणि दुसऱ्यासाठी 'पुन्हा घडवणं' वापरते. तुम्हाला याहून चांगले शब्द सुचले तर जरूर वापरा, फक्त दोन्हींना एकच शब्द देऊ नका.

सुरुवात करायची असेल तर एकदम सगळं हाती घेऊ नका. घटना न्यायालयाचा निकाल, मार्च १९९३ च्या अधिवेशनाचा एखादा कागद आणि २००१ मधला कुठल्याही एका बाजूचा ठराव, हे तीन मिळवा. तिन्हींची शेवटची पानं टेबलावर ओळीने लावा आणि तिथून मागे वाचत या.